अंडी येण्याआधी रोटिफर: क्लाउनफिशच्या पैदाशीवर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात खाऱ्या पाण्याच्या टाकीवर एक टिपण छापलं होतं: टाकी किती मोठी घ्यावी, मीठ कसं कालवावं, पहिला मासा केव्हा सोडावा. घरी पैदास करता येते अशा मोजक्या समुद्री माशांत क्लाउनफिश या छोट्या केशरी-पांढऱ्या माशाचा नंबर वरचा, असं त्यात जाता जाता म्हटलं होतं. त्यावर बडोद्यातून आणि बाहेरूनही इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. बहुतेक पत्रं अंडी दिसल्यानंतर घाईने लिहिलेली आहेत. आमच्या मते तोवर उशीर झालेला असतो: पिल्लांचं पहिलं जिवंत खाद्य, म्हणजे रोटिफर हे सूक्ष्म प्राणी, आधीच तयार हवेत. का, ते रावपुऱ्याच्या पत्राच्या उत्तरात आहे. ज्यांना एकच उत्तर वाचायला वेळ आहे त्यांनी ते वाचावं.

प्रश्न (कारेलीबाग): ऑसेलारिस जातीचे दोन क्लाउनफिश आणले. दुकानदाराने नर-मादी म्हणून दिले. दोघं मापाने सारखेच आहेत आणि सारखे एकमेकांचे पंख कुरतडतात. नर-मादी ओळखायची खूण काय?

उत्तर: माप हीच खूण, दुसरी नाही. क्लाउनफिशचं पिल्लू ना नर असतं ना मादी. ते आधी नर होतं आणि गटात जो सगळ्यांत दांडगा ठरतो तो मादी होतो. दुसऱ्या नंबरचा नर राहतो, बाकीचे आपली वाढ रोखून गप्प राहतात. मादी मेली की नर मादी होतो आणि खालचा एक वर सरकतो. उलटं मात्र होत नाही. मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. त्यामुळे सारख्या मापाचे दोन मोठे मासे म्हणजे दोन माद्या असू शकतात, आणि दोन माद्या एका टाकीत नांदत नाहीत. एक मरेपर्यंत भांडण चालतं.

दुकानदाराने दीड इंचाच्या माशांना नर-मादी म्हटलं असेल तर त्यात काही तथ्य नाही. या मापाचे दोन्ही मासे बिनदिक्कत एकत्र ठेवा, कोण वरचढ ते त्यांचं ते ठरवतील. पाठलाग चालेल, फाटलेले पंख नाहीत. पंख फाटत असतील तर लहान किंवा दबलेला मासा भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात, त्याच टाकीत, आठ-दहा दिवस ठेवा. मोठा मासा समोर आला की लहान एका अंगावर कलून थरथरतो का, ते पाहा. ती शरणागतीची खूण आहे. ती दिसली की डबा काढा. तीन आठवड्यांतही दिसली नाही तर एक मासा परत करून निम्म्या मापाचा आणा. पिल्लांपासून सुरुवात केली तर पहिली अंडी यायला वर्ष-दीड वर्ष धरून चाला. टाकीत पैदास झालेलेच मासे मागा. समुद्रातून पकडून आणलेल्या क्लाउनफिशच्या अंगावर पुष्कळदा ब्रूकलिनेला नावाचा परजीवी असतो. कातडीवर पांढरट बुळबुळीत थर येतो, श्वास जलद होतो आणि दोन-तीन दिवसांत मासा जातो.

प्रश्न (दांडिया बाजार): आमच्या जोडीने मातीच्या कुंडीच्या आतल्या बाजूला तीनदा अंडी घातली. दर वेळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुंडी साफ! मासे अंडी खातात का? लगेच वेगळी काढून ठेवू का?

उत्तर: खातात, आणि पहिल्या तीन-चार खेपांना ते चालायचंच. नर नवखा असतो, सगळी अंडी फळत नाहीत. न फळलेलं अंडं एक-दोन दिवसांत पांढरं पडतं आणि नर ते उचलून खातो. बुरशी पसरू नये म्हणून त्याने तेच करायला हवं. अर्धी अंडी पांढरी पडली की कधी कधी पूर्ण खेपच जाते. वेगळी मात्र लगेच काढू नका. दिवसभर छातीच्या पंखांनी अंड्यांवर वारा घालणं आणि मेलेली वेचणं, हे नराइतकं नेटकं तुम्हाला किंवा एअर पंपाला जमणार नाही.

सहा-सात खेपांनंतरही हेच चालू असेल तर तीन गोष्टी तपासा. एक, टाकीत रात्री कोण फिरतं? पेपरमिंट कोळंबी, हर्मिट खेकडा, ब्रिटल स्टार (लांब हातांचा, ताऱ्यासारखा समुद्री जीव) यांना अंड्यांची चटक असते. दोन, खाणं. नुसत्या गोळ्यांवर मादी अंडी घालते, पण कमी आणि निःसत्त्व. दिवसातून तीनदा, त्यातलं एकदा मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) किंवा बारीक चिरलेली कोळंबी द्या. घरात सामिष चालत नसेल तर फ्रीजरमध्ये वेगळा झाकणबंद डबा ठेवायची परवानगी आधी काढा, मग जोडी आणा. तीन, दिवा. टायमर लावून १२ तास उजेड, १२ तास अंधार. टाकीसमोर टीव्ही चालू असेल तर तो अंधार नव्हे.

अंडी वाचायला शिका, म्हणजे दिवस मोजावे लागत नाहीत. भिंग घ्या. पहिल्या दिवशी अंडं भडक केशरी, दोन-अडीच मिलिमीटर लांब, एका टोकाने चिकटलेलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी केशरी मागे पडून तपकिरी-काळपट छटा येते आणि दोन काळे ठिपके दिसतात, ते डोळे. शेवटच्या दिवसांत डोळ्यांवर चांदीसारखी चमक येते आणि पिवळा बलक जवळजवळ संपलेला असतो. २७ अंश सेल्सिअसला सातव्या-आठव्या रात्री पिल्लं बाहेर येतात, २५ अंशाला नवव्या-दहाव्या. घालण्याची वेळ बहुतेकदा दुपारनंतरची असते. आदल्या दिवशी दोघं तोंडाने जागा घासून साफ करतात आणि मादीच्या पोटाखाली छोटी पांढरी नळी दिसते. कुंडीऐवजी न चकाकणारी मातीची फरशी, चार इंच बाय चार इंच, काचेला तिरकी टेकवून ठेवलीत तर फुटायच्या रात्री अंडी पिल्लांच्या टाकीत हलवणं सोपं होईल. एकदा लय बसली की दर १२ ते १५ दिवसांनी अंडी येतात. म्हणून एक खेप गेली तर हळहळू नका.

प्रश्न (मांजलपूर): दर श्रावणात कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला जातो. तिथून समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं तर मिठाचा खर्च वाचेल का? नाही तर घरच्या आरओचं पाणी चालेल का?

उत्तर: दर्शन घ्या, पाणी आणू नका. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक प्रचंड, त्यामुळे पाणी कायम गढूळ. त्यात मही नदीचं गोडं पाणी मिसळतं, म्हणून क्षारता रोज वेगळी. बडोद्याच्या कारखान्यांचं सांडपाणी वाहून नेणारा कालवाही त्याच बाजूला, महीच्या मुखाकडे जातो. श्रावणात तर पुराचं पाणी उतरत असतं.

घरच्या आरओचं नळाचं पाणीही सरळ घेऊ नका. चव यावी म्हणून त्यात गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी किंवा खनिजं मिसळलेली असतात. मेंब्रेनमधून बाहेर पडणारी नळी मिसळण्याच्या आधी तोडून घ्या, पुढे उरलेले क्षार काढणारा डीआय रेझिनचा फिल्टर जोडा आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर १० च्या खाली आकडा आला की वापरा. बोअरच्या पाण्यावर मेंब्रेन लवकर चोंदतं, आजवा-महीचं महापालिकेचं पाणी त्या मानाने बरं. साठवायला प्लॅस्टिकचा पिंप घ्या. तांब्याच्या घागरीत किंवा हंड्यात एक रात्रही नको. पितळी तोटीही नको. माशाला एक वेळ चालेल इतकं तांबं रोटिफर आणि कोळंबीला मारतं.

मीठ म्हणजे मत्स्यालयासाठीचं समुद्री मीठ, स्वयंपाकाचं नव्हे. २० लिटरला साधारण ७०० ते ७५० ग्रॅम, पंप लावून २४ तास ढवळायचं आणि क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ (विशिष्ट गुरुत्व) आणायचं.

प्रश्न (रावपुरा): चार दिवसांपूर्वी पहिल्यांदाच अंडी टिकली आहेत, डोळे दिसू लागलेत. पिल्लांसाठी रोटिफर लागतात असं कळलं. ते कुठे मिळतील? तोवर अंड्याचा बलक किंवा गोड्या पाण्यातल्या पिल्लांची पावडर चालेल का?

उत्तर: चालणार नाही, आणि ही खेप सोडून द्या. कठोर वाटेल, पण तुमच्या हातात चार दिवस आहेत आणि लागतात तीन आठवडे. क्लाउनफिशचं पिल्लू जन्मतः तीन-चार मिलिमीटरचं, तोंड त्याहून कितीतरी बारीक, अंगात बलक जेमतेम. पहिल्याच दिवशी समोर हलणारं, तोंडात मावणारं सावज नसेल तर ते उपाशी मरतं. बलक आणि पावडर हलत नाहीत, तळाशी बसतात आणि पाणी सडवतात. या छंदात हरणारे बहुतेक जण इथेच हरतात. मासे त्यांच्याकडे उत्तम असतात, रोटिफर नसतात.

रोटिफर म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपासचा सूक्ष्म प्राणी. आपल्याला मोठ्या जातीचा, ब्राकिओनस प्लिकाटिलिस, हवा. सुरुवातीचं विरजण सागरी हॅचरी, मत्स्यविज्ञानाच्या प्रयोगशाळा किंवा तुमच्यासारखे छंदी लोक देतात. दोन लिटर मिळालं तरी पुष्कळ.

वीस लिटरची पांढरी बादली घ्या, १० लिटर पाण्याने सुरुवात करा. क्षारता टाकीपेक्षा कमी, १.०१५ ते १.०१८. तापमान २५ ते २८. हवेची नळी टाका, पण एअर स्टोन लावू नका. बारीक बुडबुड्यांनी फेस येतो आणि रोटिफर त्यात अडकतात. मोठे, सावकाश येणारे बुडबुडे पुरेत. खाणं म्हणजे नॅनोक्लोरोप्सिस हे शेवाळ, जिवंत किंवा लगदा. सकाळ-संध्याकाळ इतकं घाला की पाण्याला फिकट हिरवा रंग यावा. बारा तासांत पाणी निवळलं तर भूक भागत नाही, घट्ट हिरवंच राहिलं तर जास्त घालताय किंवा रोटिफर मरताहेत. बेकरीच्या यीस्टवर रोटिफर जगतात, पण तसले रोटिफर पिल्लांसाठी पोकळ, आणि पाणीही लवकर नासतं. अडीनडीला एक-दोन दिवस, एवढंच.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज चौथा हिस्सा पाणी ५३ मायक्रॉनच्या जाळीतून काढा आणि तितकंच नवं खारं पाणी घाला. रोटिफर लागत नसले तरी काढून टाकायचेच, नाहीतर गर्दी वाढून एका रात्रीत सगळं कोसळतं. कोसळण्याच्या खुणा ओळखा: वर न विरणारा फेस, कुजका वास, तळाशी पांढरा थर. बादलीत फिल्टर फ्लॉसचा (कापसासारख्या गाळणीचा) तुकडा लटकवून रोज पिळून धुतलात तर घाण त्यात अडकते. आणि बादल्या दोन ठेवा, दोन वेगवेगळ्या जागी, वेगळ्या नळ्यांवर. एक लिटर हिरव्या पाण्यात थोडे रोटिफर फ्रीजमध्ये ठेवले तर दोनेक आठवडे तग धरतात. तो तुमचा विमा.

मोजायचं असं: एक मिलिलिटर पाणी पारदर्शक ड्रॉपरमध्ये घेऊन मागून टॉर्च धरा. फिरणारे पांढरे ठिपके मोजा. जास्त असतील तर दहापट पातळ करून मोजा. मिलिलिटरला १०० असतील तर बादली तयार. आता हिशेब. पिल्लांच्या टाकीत सुरुवातीला २० लिटर पाणी, मिलिलिटरला १० रोटिफर हवेत, म्हणजे दोन लाख. तुमच्या बादलीच्या दोन लिटरमध्ये ते आहेत, रोजच्या चौथ्या हिश्शातून सहज निघतात. हा आकडा सलग सात दिवस निघाला की मगच पुढची अंडी वाढवायला घ्या.

जिवंत शेवाळ वाढवणाऱ्यांना एक सूचना. शेवाळाच्या बाटल्या दुसऱ्या खोलीत, निदान वरच्या फळीवर ठेवा आणि आधी शेवाळाचं काम करून मग रोटिफरला हात लावा. ओल्या बोटावरून एक रोटिफर बाटलीत गेला की काही दिवसांत हिरवं पाणी निवळतं आणि तुम्ही खत बदलत बसता.

प्रश्न (वाडी): नवरात्रात अंड्यांचे डोळे चमकले, त्या रात्री फरशी वेगळ्या टाकीत हलवली, पण सकाळपर्यंत जेमतेम विसेक पिल्लं निघाली. बाकी अंडी तशीच. काय चुकलं?

उत्तर: तुम्हीच पत्रात लिहिलं आहे की खिडकी गरब्याच्या मैदानाकडे आहे. पिल्लं दिवे गेल्यावर तास-दोन तासांत, पूर्ण अंधारात फुटून बाहेर येतात. मैदानातले हॅलोजन मध्यरात्रीपर्यंत आत येत असतील तर त्यांना दिवसच वाटतो. टाकीला काळा कपडा गुंडाळा, वरूनही. एअर पंपावरचा बारीकसा निळा दिवासुद्धा चिकटपट्टीने झाका.

दुसरी शंका हवेची. नर नसताना अंड्यांवर पाणी हलतं राहिलं पाहिजे. फरशी काचेला तिरकी, अंडी खालच्या अंगाला, आणि एअर स्टोन असा की बुडबुड्यांची धार अंड्यांसमोरून वर जावी. अंडी हलली पाहिजेत, पण धार त्यांच्यावर आदळता कामा नये. फरशी हलवताना डब्यात पाण्याखाली ठेवूनच न्या. पिल्लांची टाकी दीड फूट बाय एक फूट बाय एक फूट पुरते, म्हणजे काठोकाठ साधारण ४२ लिटर. तिन्ही बाजूंना काळा कागद, कारण पिल्लं उजेडाकडे ओढली जातात आणि चमकत्या काचेवर डोकं आपटत राहतात. पाणी आई-बापांच्याच टाकीचं, तापमान आणि क्षारता तीच. फिल्टर नाही. ५० वॉटचा हीटर आणि सगळी पिल्लं बाहेर आली की एअर स्टोन काढून साधी नळी, सेकंदाला एक-दोन बुडबुडे.

फरशी हलवता येत नसेल, अंडी दगडावर असतील, तर दिवे गेल्यावर दीड तासाने पंप बंद करा, टाकीच्या एका कोपऱ्यात मंद टॉर्च धरा आणि गोळा झालेली पिल्लं पेल्याने पाण्यासकट उचला. जाळी वापरू नका, जाळीत आलेलं पिल्लू गेलंच समजा.

प्रश्न (इंदूर, आणि याच आशयाची आणखी दोन पत्रं): पहिले दोन दिवस पिल्लं छान असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी निम्मी मरतात. जी उरतात त्यातली बरीच नवव्या-दहाव्या दिवशी गिरकी घेऊन जातात.

उत्तर: हे दोन वेगळे आजार आहेत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीचं मरण भुकेचं किंवा अमोनियाचं. भूक तपासायला पिल्लाकडे बाजूने पाहा. शिकार दिसली की ते अंग इंग्रजी एस अक्षरासारखं वळवतं आणि झटकन पुढे जातं. हे मिनिटात अनेकदा दिसलं पाहिजे. पोट चंदेरी-हिरवट भरलेलं दिसलं पाहिजे. रोटिफर कमी असतील तर पिल्लू पोहण्यातच दमतं. उजेड फार प्रखर असेल तर सगळी एका कोपऱ्यात जमतात आणि खात नाहीत. पाण्यात जिवंत शेवाळ घालून फिकट हिरवं ठेवलं की उजेड पसरतो, रोटिफर खाऊन पिऊन असतात आणि थोडा अमोनियाही शोषला जातो. लगद्याचं मेलेलं शेवाळ नेमकं उलटं करतं, जास्त पडलं तर स्वतःच अमोनिया सोडतं. म्हणून तपासणी रोज. आकडा शून्याच्या वर जाऊ देऊ नका, कारण खाऱ्या पाण्याच्या ८.२ पीएचला अमोनिया जास्त जहरी असतो. रोज एअर पंपाच्या बारीक नळीने तळ ओढून घ्या आणि मोठ्या टाकीतून थेंब-थेंब दोन लिटर पाणी सोडा. एकदम ओतू नका.

दहाव्या दिवशीचं मरण आहाराचं. आठव्या ते बाराव्या दिवसांत पिल्लू कायापालट करतं: पारदर्शक अंगावर केशरी रंग चढतो, डोक्यामागे पांढरा पट्टा उमटतो, ते मधल्या पाण्यातून कडेला आणि तळाकडे येतं. डीएचए हा ओमेगा-३ घटक पोटात गेला नसेल तर त्याला हा ताण सोसत नाही. काचेवर चमचा वाजला, दिवा अचानक लागला, एवढ्यानेही ते गिरकी घेऊन पडतं. उपाय आदल्या आठवड्यात करायचा असतो: पिल्लांना देण्याआधी रोटिफर सहा-आठ तास नॅनोक्लोरोप्सिस आणि डीएचए असलेल्या पोषक द्रवात ठेवा, मग गाळून, धुऊन द्या. आणि या दिवसांत खोलीचा दिवा आधी लावा, टाकीचा नंतर.

आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या सूक्ष्म जीवाची ताजी फुटलेली पिल्लं, सहाव्या-सातव्या दिवसापासून, चिमूटभर. पोटं केशरी दिसली की थांबा. तीन दिवस रोटिफर आणि आर्टेमिया दोन्ही, मग रोटिफर कमी. चौथ्या दिवशीच भरपूर आर्टेमिया देणाऱ्यांची पिल्लं फुगून मरतात.

प्रश्न (अलकापुरी): उन्हाळ्यात आर्टेमियाची अंडी उत्तम फुटत होती. जानेवारीत त्याच डब्यातली निम्मीही फुटत नाहीत. अंडी जुनी झाली का?

उत्तर: कदाचित, पण आधी थर्मामीटर घाला. डिसेंबर-जानेवारीत बडोद्यातही रात्री खोलीतलं पाणी २० अंशांवर येतं, आणि आर्टेमियाला २७-२८ हवं. उलट्या बाटलीत एक लिटर पाणी, २५ ग्रॅम बिनआयोडीन मीठ, चिमूटभर खायचा सोडा, अर्धा चमचा अंडी, तळातून जोरात हवा, वर दिवा, आणि बाटली हीटर लावलेल्या बादलीत उभी. चोवीस तासांत फुटली पाहिजेत. मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर तरंगतात, पिल्लं खाली उतरतात. खालून ओढा, गोड्या पाण्याने धुवा, त्याच दिवशी द्या. टरफलं आणि न फुटलेली अंडी माशांच्या पिल्लांच्या पोटात जाऊ देऊ नका, ती अडकतात. डबा घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवा.

प्रश्न (फत्तेगंज): काही पिल्लांचा मधला पट्टा अर्धवट आहे. हा दोष आई-बापांकडून आला का?

उत्तर: बहुतेक वेळा नाही. पहिल्या दोन आठवड्यांतलं निकृष्ट खाणं आणि पाणी यांचा तो परिणाम. मासा निरोगी असतो. गालावरची झडप आखूड राहून आतले कल्ले उघडे दिसत असतील तर मात्र तो मासा विकू नका, त्याची पुढे जोडीही लावू नका.

प्रश्न (समा): ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्याकडे वीज नव्हती आणि टाकी गेली. पुन्हा मांडायची आहे. मे महिन्यात पाणी ३२ अंशांवर जातं, तेही सांगा.

उत्तर: वीज गेली की पहिली गरज हवेची. आई-बापांच्या टाकीला वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप लावा आणि सेल महिन्यातून एकदा तपासा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त एअर पंप आणि पिल्लांच्या टाकीचा छोटा हीटर घ्या. दिवे आणि मोठे पंप नकोत, नाहीतर बॅटरी संध्याकाळपर्यंत संपते. वीज नसताना खाणं बंद. विश्वामित्री नदीच्या काठच्या भागात राहणाऱ्यांनी टाकी तळमजल्यावर मांडूच नये, आणि रोटिफरची ती दुसरी बादली शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर ठेवावी.

उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका छोटा पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. त्यासाठी झाकण काढावं लागतं, आणि क्लाउनफिश उड्या मारतात, तेव्हा वर जाळी ताणा. बाष्पीभवन वाढतं, उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं आरओचं पाणी घाला, खारं नव्हे, कारण मीठ उडत नाही. पाणी ३० च्या वर राहत असेल तर त्या दिवसांतली अंडी वाढवायला घेऊ नका. ती लवकर फुटतात आणि पिल्लं कमजोर निघतात. एसी नसेल तर एप्रिल ते जून रोटिफर तेवढे चालू ठेवा.

प्रश्न (ग्वाल्हेर): समुद्रफुलाशिवाय क्लाउनफिश अंडी घालतील का? एक ओळखीचा प्रवाळाचा दगड आणून देतो म्हणतो.

उत्तर: घालतील. समुद्रात ते समुद्रफुलाच्या (अ‍ॅनिमोनच्या) आसऱ्याने राहतात, टाकीत त्यांना कुंडी पुरते. समुद्रफूल सांभाळणं पैदाशीहून कठीण, आणि ते पंपात अडकून मेलं तर टाकी नासते. दगडाला नाही म्हणा. आपल्याकडे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहे. जामनगरकडच्या कच्छच्या आखातात १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून काहीही उचलणं गुन्हा आहे. भाजलेल्या मातीचे तुकडे आणि स्पंज फिल्टर, एवढ्यावर जोडीची टाकी चालते.

प्रश्न (प्रतापनगर): साठेक पिल्लं दीड महिन्याची झाली. आता एकमेकांना चावतात. वेगळी करू का? विकायची कुठे?

उत्तर: वेगळी नको, उलट गर्दीतच ठेवा. पाच-सहा पिल्लं एका टाकीत असली की एकाच दुबळ्यावर सगळे तुटून पडतात, साठांत राग वाटला जातो. शंभर लिटरची टाकी, दोन स्पंज फिल्टर, दिवसातून चार-पाचदा थोडं थोडं खाणं, आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदल. मापाने दोन गट मात्र करा. लहानांना वेगळं केलं की तीही वाढतात.

तीन-चार महिन्यांत पिल्लं इंचभर होतात, त्याआधी विकू नका. दुकानदाराशी आधी बोलून ठेवा. सरळ पट्ट्यांची आणि गोळ्या खायला शिकलेली पिल्लं तो घेतो, नुसत्या आर्टेमियावर वाढलेली त्याच्याकडे गेल्यावर मरतात. एक जोडी पंधरा दिवसांनी अंडी घालते, शहरातली खाऱ्या पाण्याची दुकानं मोजकी. मीठ, शेवाळ आणि विजेचा खर्च जोडला तर दर खेप वाढवण्यात नुकसानच आहे. दोन-तीन महिन्यांतून एक खेप घ्या, मधली अंडी टाकीतच राहू द्या. नेताना आदल्या दिवसापासून उपाशी ठेवा, पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन, एका पिशवीत एकच पिल्लू, आणि पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात आडव्या.